मागनं झिंदाबाद

उचगावची ललिता कांबळे गेली, आणि मोलकरणींच्या संघटनेला एकदम कळलं की आपल्याला घोषणा देता येत नाहीत. येणार कशा? उभ्या हयातीत बाईनं दुसऱ्या कुणाला तोंड उघडू दिलं असेल तर शपथ! कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला की ही पुढं, मूठ वर. बाकीच्यांनी मागनं फक्त झिंदाबाद म्हणायचं. एवढं करून पेपरात फोटो यायचा तो भलत्याच पुढाऱ्याचा. हिचा पदरसुद्धा दिसायचा नाही.

तिचा नवरा बाळासो फौंड्रीतनं सुटला की मोर्चाच्या शेपटाला येऊन उभा राहायचा. गल्लीतली माणसं त्याला बाईलबुद्ध्या म्हणायची. म्हणेनात का! तो हसायचा आणि सगळ्यांत मोठ्यानं झिंदाबाद म्हणायचा.

आता तो स्मशानात पांढऱ्या शर्टात उभा होता आणि त्याला काही म्हणजे काहीच वाटत नव्हतं. रडू नाही, तहान नाही. पायात चप्पल आहे का नाही, हेही ठाऊक नव्हतं. दवाखान्यात ती बोललेली तेवढं डोक्यात होतं. "मला रडत न्हेऊ नका. घोषणा देत न्या."

त्रिसरण-पंचशील झालं. बनाबाईनं ललिताच्या अंगावरचा लाल झेंडा काढून त्याची घडी घातली. संघटनेतली ती सगळ्यांत जुनी, पण तिचा आवाज फुटेना. तिनं ललिताच्या पोराकडं, संघर्षकडं बघितलं. पोराचं नावच तेवढं संघर्ष. कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर तो; कंपनीतली माणसं आलेली बघून त्यानं मान खाली घातली. मग सगळ्या बायका बाळासोकडं बघायला लागल्या.

बाळासोनं तोंड उघडलं. पहिली ओळ त्यानं जन्मात कधी दिली नव्हती. हजारदा ऐकलेली, पण जिभेवर येईना. लाज वाटायला पाहिजे होती, तीही वाटली नाही. तो सरणाजवळ गेला आणि घरात चहा मागावा तशा आवाजात म्हणाला, "दे की गं."

संघर्षच्या हातातला पलिता तसाच राहिला. मोर्चात ती घोषणा द्यायला जेवढा वेळ घ्यायची, तेवढा वेळ बाळासो थांबला. मग मूठ वर करून ओरडला, "झिंदाबाद!"

मागनं बायकांचा आवाज आला, "झिंदाबाद!"

पुढं कुणीच नव्हतं. तरी जाळ धरेपर्यंत ती माणसं उत्तर देत राहिली.