न दिलेला सल्ला

समोर बसलेल्या माणसाला आपलं मत द्यायचं नाही, हा समुपदेशक बाईंचा नियम. लोक येत, मन मोकळं करत आणि शेवटी हमखास विचारत, "मॅडम, तुम्ही माझ्या जागी असता तर?" बाई हसून म्हणत, "मी तुमच्या जागी नाही ना!" कुणाला रडू कोसळलं की टिश्यूचा डबा हलकेच पुढे सरकवायचा. बाकी तोंडाला कुलूप.

आता तोंडाला कुलूप घालता येतं हो, चेहऱ्याला कुठून घालणार?

त्यांच्याकडे एक चष्मेवाली यायची. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकाकानांवर चष्मे बसवायचे आणि घरी गेलं की आईचं करायचं. आई सगळं विसरलेली. लेकीलाही ओळखत नव्हती. रात्र रात्र दार वाजवायची, भरवायला गेलं की थुंकायची. मदतीला चिटपाखरू नाही. पोरगी अगदी मेटाकुटीला आली होती बिचारी.

एक दिवस मात्र ती जरा उजळून आली. "मॅडम, एका वृद्धाश्रमात खोली मिळतेय. बागेकडची. माणसं मायेची आहेत, दुकानातून सुटल्यावर मला रोज जाता येईल. ठेवू का हो आईला तिथे?" एवढं बोलली आणि हमसाहमशी रडायला लागली.

बाईंनी स्वतः सासूचं अंथरुणातलं सगळं केलेलं, अगदी शेवटपर्यंत. नातेवाईक अजून गोडवे गात, सून असावी तर अशी! त्यामुळे वृद्धाश्रम म्हटलं की बाईंच्या कपाळाला आठी पडायची. त्या दिवशीही पडली. तोंडाने मात्र त्या नियमाप्रमाणेच बोलल्या, "निर्णय तुमचा आहे." आणि डबा सरकवायचा राहून गेला. मुद्दाम नाही हं. हात मांडीवरून उठलाच नाही, इतकंच.

चष्मेवालीने बाहीने डोळे पुसले आणि त्या खोलीचं पुन्हा नाव काढलं नाही. बाईंना वाटलं, आपणहून विचार बदललान पोरीनं. मनातल्या मनात तिचं कौतुकही केलं. घ्या!

नंतर ती येत राहिली, दर खेपेला थोडी आणखी वाळलेली. मग एका दुपारी आली ती दोन्ही हात काखेत दाबून बसली.

"मॅडम, काल मी आईला मारलं."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"भरवत होते. थुंकली. माझा हात कधी उठला कळलंच नाही. गालावर बोटं उमटली तिच्या."

या वेळी बाईंचा हात आपसूक डब्याकडे गेला. तिने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ती बागेकडची खोली..." बाईंनी चाचरत विचारलं.

"ती तेव्हाच नको म्हणून कळवलं. तुम्हाला पटलं नव्हतं ना."

"मी असं कधी म्हणाले?"

"म्हणाला नाहीत. पण मी दिवसभर लोकांच्या तोंडाकडेच बघते, मॅडम. त्या दिवशी तुम्ही डबासुद्धा पुढे केला नाहीत. म्हटलं, बरोबरच आहे. असल्या लेकीचे डोळे कशाला कुणी पुसायचे?"

आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. तेच बाईंच्या जिव्हारी लागलं. इतकी वर्षं जपलेला तो नियम, आणि त्याच्या आडून आपण या पोरीला काय करायला लावलं!

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तो माझ्या घरचा हट्ट होता, तुमच्यावर लादायला नको होता. आपण दुसरी खोली शोधू. मी आत्ता फोन करते, आजच."

"आता नाही जमायचं, मॅडम."

"का?"

"मारल्यावर तिने माझ्यापुढे हात जोडले. म्हणाली, 'अहो ताई, मी नाही परत थुंकणार. मला घरातून घालवू नका.'"