कमलम्माच्या चेहऱ्यावरचा थर

मित्रांनो, मी एक जुनी, निम्मी वाळून गेलेली फाउंडेशनची बाटली आहे. फाउंडेशन म्हणजे चेहऱ्यावर लावायचा, कातडीच्याच रंगाचा पातळ लेप. डाग, सुरकुत्या, काळवंडलेपणा, सगळं त्याच्याखाली जातं. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका लहानशा पार्लरच्या खणात मी पडून असते. माझं झाकण चिकटून बसलं आहे, आता कुणी उघडायलाही येत नाही. माझी गोष्ट आनंदाची नाही. तरी ऐका.

माझा जन्म इथून फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तेल, पाणी, ग्लिसरीन आणि गव्हाळ रंगाची भुकटी एकत्र घुसळून मला तयार केलं. माझ्या अंगावर ‘कोरड्या त्वचेसाठी’ असं छापलं होतं. त्याचा मला भारी अभिमान वाटे. सोलापुरात आले तेव्हा कळलं, माझ्यासाठी याहून योग्य गाव नसेल. इथलं ऊन माणसाच्या अंगातला ओलावा शोषून घेतं. त्यात चादरी-टॉवेलच्या कारखान्यांतली सुताची धूळ. ओठ फुटलेले, गालांवर पांढुरकी साल निघालेली अशा किती बायका पार्लरच्या खुर्चीत येऊन बसत!

पार्लर सुंदरम्माचं. पदर खोचून ती दिवसभर उभी असे. तिच्या हाताखाली पायल नावाची मुलगी काम शिकत होती. मला पहिल्यांदा उघडलं त्या दिवशी सुंदरम्मा तिला म्हणाली, “कोरड्या तोंडावर एकदम लेप थापू नको बाई. भेगा पडतात, साल उठून दिसते. आधी तोंड गार पाण्यानं धू. साबण नको. ओलं आहे तोवरच क्रीम लाव आणि मुरू दे. मग ह्यातला एवढासा थेंब, ओल्या स्पंजानं टिपत टिपत. घासायचं नाही. वरून पावडर तर अजिबात नको.”

पायलचा हात हलका होता. ती पटकन शिकली. लग्नसराईत नवऱ्या मुली तिचंच नाव घेऊन येऊ लागल्या. “कसला मऊ दिसतोय चेहरा!” असं कुणी म्हटलं की पायल खुलायची आणि मीही. ते माझे सुखाचे दिवस होते.

पायलची आई कमलम्मा टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला जायची. मूळची अक्कलकोटकडची. घरात तिला सगळे अव्वा, म्हणजे आई, म्हणत. त्या उन्हाळ्यात अव्वाच्या अंगाला खाज सुटू लागली. हातापायांवर नखांचे पांढरे ओरखडे दिसायचे, गालांची साल निघायची. ती म्हणायची, “उन्हानं हाय ग. सुताची धूळ बसती अंगावर. दुसरं काय न्हाय.” सगळ्यांना ते पटलं. कारखान्यातल्या बायकांचं अंग कोरडंच असतं, असं सगळे म्हणत.

पायल मात्र स्वस्थ बसली नाही. रोज संध्याकाळी ती आईचं तोंड गार पाण्यानं धुवायची, क्रीम लावायची, हातापायांना खोबरेल चोळायची. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा खाज. पायलचे वडील संगप्पा एकदा म्हणाले, “हिला मोठ्या दवाखान्यात दाखवू या का? जेवण बी लई कमी झालंय.” अव्वानं हात झटकला. “दादाच्या पोराचं लग्न होऊ दे आधी. मग जाऊ की.”

त्या लग्नाला जायच्या सकाळी पायलनं मला पार्लरमधून घरी नेलं. अव्वाचा चेहरा तेव्हा मी पहिल्यांदा जवळून पाहिला. नुसता कोरडा नव्हता तो. राखेसारखा झाला होता आणि डोळ्यांखाली सूज होती. पायलनं आधी क्रीम लावलं, ते मुरू दिलं, मग स्पंजानं मला टिपत टिपत पसरलं. राखाडी रंग गेला. सूजही नजरेत भरेनाशी झाली. अव्वा आरशात कितीतरी वेळ बघत राहिली.

“ही मीच का ग?” ती म्हणाली आणि हसली.

अक्कलकोटला मांडवात तिच्या भावजया गोळा झाल्या. मागच्या खेपेला त्या “किती वाळलीस ग, काय होतंय तुला?” असं विचारत होत्या. आज त्यांनी काहीच विचारलं नाही. उलट म्हणाल्या, “कमळे, लेकीनं तुला तरणी केली बघ!” परतीच्या एसटीत संगप्पा बायकोकडे बघून समाधानानं म्हणाले, “आता बरी दिसतीस की.” दवाखान्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

त्यानंतर मी रात्री त्यांच्या घरी आणि दिवसा पायलच्या पिशवीत असे. कारखान्यातला मुकादम अव्वाला म्हणाला होता, “बाई, आजारी दिसता. घरी बसा, दुसरी बघतो आम्ही.” अव्वा घाबरली. रोज सकाळी पायलपुढे बसून ती म्हणायची, “थोडं लाव ग. त्यांच्या डोळ्यावर येऊ नये एवढंच.” पायल लावायची. जाताना आईचा गाल कुरवाळायची. गालाखालचं रक्त दिवसेंदिवस आटत होतं, हे मला कळत होतं. पण मित्रांनो, बाटलीला तोंड असतं ते ओतण्यापुरतं. त्यातून शब्द येत नाहीत.

पावसाळा सरत आला होता. एका दुपारी अव्वा कारखान्यातून सुटून थेट पार्लरमध्ये आली. दारातच धाप लागली होती. पायलनं तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. सुंदरम्माचं लक्ष अव्वाच्या पायांकडे गेलं. चपलेचे पट्टे कातडीत रुतले होते. तिनं खाली बसून घोट्यावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला.

“पायल,” ती म्हणाली, “हिचं तोंड पूस. सगळं पूस.”

पायलनं कापूस भिजवून आईचा चेहरा पुसला. खिडकीतून भर दुपारचा उजेड येत होता. मी कापसावर उतरले आणि खालचा खरा चेहरा दिसला. ओठांत रंग नव्हता. डोळे सुजून बारीक झाले होते. गालांवर खाजवून खाजवून पडलेल्या खपल्या होत्या. पायलनं आईची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

“अव्वा, हे कधीपासून?”

“असंच हाय ग. तुला कशाला घोर लावायचा?”

तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी पायलच्या पिशवीत होते. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, “यांची दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत. अंग कोरडं पडणं, खाज, सूज, सगळं त्यातूनच आलेलं आहे. चेहऱ्याकडे बघून तरी कुणाच्या लक्षात यायला हवं होतं.”

पायल मान खाली घालून उभी राहिली. खाटेवरून अव्वाच बोलली, “डॉक्टरसाहेब, लेकीला बोलू नका. मीच लाव लाव म्हणत हुते.”

पुढे डायलिसिस सुरू झालं. यंत्रातून रक्त साफ करून पुन्हा शरीरात सोडतात ते. अव्वाचं कारखान्याचं काम सुटलं. संगप्पा तिला धरून न्यायचे, धरून आणायचे. खाज थोडी कमी झाली. पायल अजूनही रोज तिच्या अंगाला क्रीम लावायची, पण मला तिनं पुन्हा उघडलं नाही. अव्वानंही मागितलं नाही. संक्रांत झाली आणि एका सकाळी अव्वाचा श्वास थांबला.

त्यांच्या लिंगायत समाजात माणूस गेल्यावर आडवं नेत नाहीत. फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. वाटेत सगळ्या गल्लीला चेहरा दिसतो. अव्वाला न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं. तिची मोठी भावजय कपाटातून मला घेऊन आली आणि पायलपुढे धरलं.

“शेवटचं लाव की ग आईला. लोक बघायला येतेत. असं काळं तोंड दिसू देऊ नको.”

पायलनं मला हातात घेतलं. मला वाटलं, उघडेल. तिनं मला खाली ठेवलं, आईच्या कपाळाला विभूती लावली आणि म्हणाली, “न्हाय मामी. बघू दे लोकांना. जित्तेपणी कुणालाच बघू दिलं न्हाय मी.”

खुर्ची दारासमोरच्या गल्लीतून निघाली. कारखान्यातल्या बायका कडेला उभ्या होत्या. त्यांतली एक तोंडाला पदर लावून पायलला म्हणाली, “पोरी, शेजारच्या मशिनीवर बसत हुते मी. मला कसं दिसलं न्हाय ग?”

“मला तरी कुठं दिसलं, मावशी?” पायल म्हणाली. “मी तर रोज हात फिरवत हुते.”

महिनाभरानं पायल पार्लरमध्ये परत आली. मला तिनं खणात ठेवलं ते कायमचं. नव्या बाटल्या आल्या, नवऱ्या मुली येतात, हसतात, सजून जातात. पायलचा हात अजून हलकाच आहे. पण आता ती फार बोलत नाही, आणि नटवून झाल्यावर कुणी आरशात बघून हसलं की दुसरीकडे बघते.

मित्रांनो, कोरड्या अंगाला तेल लावा, क्रीम लावा, नटावंसं वाटलं तर खुशाल नटा. पण घरातलं कुणी सारखं खाजवत असेल, जेवण सोडत असेल, दिवसेंदिवस फिकट पडत असेल, तर त्याला उन्हाचं आणि धुळीचं नाव देऊन गप्प बसू नका. त्याचा धुतलेला चेहरा दिवसाच्या उजेडात बघा आणि त्याला दवाखान्यात न्या, त्यानं नको म्हटलं तरी. माझ्यासारख्या बाटल्या झाकायचं काम चोख करतात. कमलम्माच्या चेहऱ्यावर मी जरासुद्धा चुकले नाही.