घरी बसायची नोकरी

किळस येते मला. कुणाची म्हणाल, तर नवऱ्यापासूनच सुरुवात करते.

माझी लेक हनूफ रक्त तपासायचं शिकली. चार वर्षं डोळे फोडून अभ्यास केला आणि इथल्या, हफूफच्या, मोठ्या हॉस्पिटलात प्रयोगशाळेत तिची निवड झाली. गुरुवारपर्यंत कागद द्यायचे होते. रविवारी तिथली बाई तिला म्हणाली, तू तर दोन वर्षांपासून नोकरीला आहेस, सिमेंटच्या विटांच्या कारखान्यात, पर्यवेक्षक म्हणून. तिथलं नाव निघाल्याशिवाय आम्हाला घेता येत नाही. पोरगी घरी आली ती पांढरीफटक पडून. विटेला तिने जन्मात हात लावलेला नाही.

कारखाना माझ्या धाकट्या भावाचा, दुहैमचा. मला काय ते लगेच कळलं. इतके सौदी लोक कामाला ठेवाल तरच बाहेरच्या मजुरांचे परवाने मिळतील, असा सरकारचा नियम. मग हे मालक काय करतात, तर नात्यागोत्यातल्या मुलींची नावं घेतात, थोडा पगार देतात आणि सांगतात, बाई, तू घरीच बस. विटा पाडणार बंगाली आणि नेपाळी, घाम गाळणार कागदावर आमच्या लेकी. अर्ध्या गावाने अशी नावं दिलीत, आणि वर तोंड करून म्हणतात, आमच्या पोरींना आता भराभर नोकऱ्या लागतात.

हनूफचं नाव दिलं होतं तिच्या बापाने. विचारलं तर मितअब पाय चोळत बसला. म्हणाला, तेव्हा ती शिकत होती, नाव दिल्याने काय झिजतं का? पगार त्याच्या खात्यात जायचा. त्यातून त्याने हिवाळ्यात मित्रांबरोबर वाळवंटात लोळायला तंबू घेतला, जनरेटरसकट. लेकीच्या नावावर मजा मारायची आणि तिला पत्ताही लागू द्यायचा नाही. शी!

मी तशीच दुहैमच्या घरी गेले. त्याने खजूर पुढे केला, कॉफी ओतली, हनूफचं तोंडभरून कौतुक केलं. आणि म्हणाला, तीन महिने थांब. परवान्यांचं नूतनीकरण होऊ दे. आत्ता एक नाव कमी झालं तर माझे चार मजूर परत जातील. हॉस्पिटल काय पळून जातंय?

मी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

आमच्यात हे पुरुष करतात, तेही गळ्याशी आल्यावर. पाहुण्याने कप खाली ठेवला की त्याचं काही मागणं आहे, आणि ते पुरवल्याशिवाय तो तसाच उठून गेला तर यजमानाने गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. बहिणीने भावापुढे असं केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. दुहैम कपाकडे बघत राहिला. त्याच्या बायकोने दार लोटून घेतलं.

"दिलं," तो शेवटी म्हणाला. "पी आता, हनूफच्या आई."

मी प्यायले. घरी येताना डोळ्यांत पाणी होतं माझ्या. वाटलं, काही झालं तरी पाठचा भाऊ आहे.

बुधवारी दुपारी हनूफला मोबाईलवर निरोप आला, नाव निघालं. पोरीने मला मिठी मारली आणि कागद घेऊन धावली. संध्याकाळी माझा मोबाईल वाजला. अभिनंदन, तुमची नोंद झाली आहे. सिमेंटच्या विटा, पर्यवेक्षक.

सकाळीच मितअबने विजेचं बिल भरायचं म्हणून माझा मोबाईल नेला होता, आणि त्यावरून माझ्या नावाने होकार देऊन टाकला होता. दोघा मेल्यांनी आपसात ठरवलं होतं. मी निरोप त्याच्या नाकासमोर धरला, तर मान वर न करता म्हणाला, "तू नाहीतरी घरीच बसलेली असतेस."

घरीच बसलेली! पहाटे चारला उठून याच्या आईची अंथरुणं धुते ती कोण?

दुसऱ्या दिवशी हनूफ हॉस्पिटलात रुजू झाली. तिला सोडून मितअब परतला, तेव्हा मी डबा भरून, अबाया घालून दारात उभी होते. म्हटलं, चला, मला कारखान्यात सोडा, उशीर होतोय. त्याला चेष्टा वाटली. गाडीत बसून मी दार लावलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

कारखान्याच्या फाटकातून आत शिरले तर मजुरांचे हात थांबले. दोघे-तिघे मागच्या बाजूने चक्क पळाले. त्यांचा मुकादम शफीकुल, पांढऱ्या दाढीचा माणूस, हात पुसत आला आणि हळूच विचारलं, "मॅडम, तपासणी आहे का?"

"नाही. मी इथे कामाला आहे. माझी खुर्ची कुठली?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. खुर्ची असती तर ना! बिचाऱ्याने विटांची चळत रचली आणि वर पोतं अंथरलं. त्या म्हाताऱ्यापुढे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अर्ध्या तासात दुहैम धापा टाकत आला. लोक बघतायत, घरी जा, पगार मी पोचता करतो, असं दातओठ खात कुजबुजला. मग जवळ वाकून म्हणाला, "ताई, ऐक. मला फक्त नाव हवं होतं."

"नाव घेतलंस ना? आता माणूसही घे."

तो काय करणार? मला काढलं तर परवाने जातात. बारापर्यंत उन्हात उभा राहिला. बारा वाजता मजूर हात धुऊन जेवायला बसले, तेव्हा मीही डबा उघडला.