'रु'वरचं गाणं

कुवाहाता-सानचं गाणं संपलं. माइक खाली ठेवत ते सेचिकोकडे वळले. "घ्या बाई, 'रु' सोडलाय. आता बसा डोकं खाजवत."

"डोकं खाजवायला माझं काय अडलंय? ते दीपगृहाचं रडगाणं आहे की," सेचिको म्हणाली आणि तिनं रिमोट ओढला.

जपानातल्या हाचिनोहे बंदरामागच्या गल्लीतलं ताकिकोबाईंचं कॅराओकेचं दुकान दर गुरुवारी दुपारी कुवाहाता-सान, सेचिको आणि नोबुए या तिघांचंच असे. खेळ ठरलेला. भेंड्याच, पण गाण्यांच्या नावांच्या. एकाच्या गाण्याचं नाव ज्या अक्षरावर संपेल त्या अक्षराचं गाणं पुढच्यानं यंत्रावर लावायचं आणि म्हणायचं. नाही सापडलं तर बाद. कुवाहाता-सान शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, मुलांबरोबर राहून तेही खोडकर झालेले. 'हामा नो ओसोइ हारु', म्हणजे किनाऱ्यावर उशिरा आलेला वसंत, हे त्यांचं हत्यार होतं, कारण 'रु'नं सुरू होणारं गाणं दिवा घेऊन शोधलं तरी सापडत नाही. एकच होतं. 'रुसु तोदाइ', म्हणजे कुणी राहत नाही असं दीपगृह.

पडद्यावर नाव उमटलं, त्याखाली बारीक अक्षरात गायिकेचं, मिझुएदा कासुमि. सेचिकोनं एक कडवं कसंबसं रेटलं. दुसऱ्या ओळीचा शेवटचा सूर तिनं नेहमीप्रमाणे पायरीवरून उडी मारावी तसा धपकन खाली टाकला आणि गाणं मध्येच बंद केलं.

"कोण ही कासुमि, देव जाणे," कुवाहाता-सान म्हणाले. "कंपनीतल्या कुणा साहेबाची मर्जी असणार. नाहीतर असलं गाणं कोण काढतंय?"

सेचिको हसली. तिच्या शेजारी बसलेली नोबुएही हसली, आणि तिनं सगळ्यांच्या कपात चहा ओतला.

मिझुएदा कासुमि म्हणजे नोबुएच होती.

एकोणिसाव्या वर्षी नोबुए तोक्योला गेली होती. एका संगीतकाराच्या घरी राहून तिनं धुणीभांडी केली, फरशा पुसल्या, आणि उरलेल्या वेळात जे कानावर पडेल ते शिकली. हे एक गाणं आणि गायिका म्हणून कासुमि हे नाव त्यांनी तिला दिलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी सूर टाकायचा नाही, तेल संपलेल्या दिव्यासारखा हळूच वळवत खाली आणायचा, असं त्यांनी सांगितलं होतं. तेवढ्या एका वळणासाठी तिचा अख्खा हिवाळा गेला. तबकडी निघाली आणि कुणी घेतली नाही. कंपनीनं उरलेल्या तबकड्या घरी पाठवल्या, त्या वडिलांनी शेजारीपाजारी वाटल्या. पुढे कितीतरी वर्षं आळीतल्या कुंड्यांखाली त्या काळ्या चकत्या दिसत. नोबुए परत आली, बोटीवर इंजिन सांभाळणाऱ्या कुजि नावाच्या माणसाशी तिचं लग्न झालं, आणि बांगडे साफ करून शिरक्यात मुरवण्याच्या कारखान्यात ती कामाला लागली. अजूनही अर्धा दिवस जात होती. सेचिको तिथलीच, तिच्या शेजारच्या फळीवरची.

हे गाणं कॅराओकेच्या यंत्रात कुणी आणि कधी घातलं, तिला कधीच कळलं नाही. पहिल्यांदा सेचिकोनं ते लावलं तेव्हा नोबुए उठून मोरीत गेली होती आणि नळ सोडून उभी राहिली होती. त्या रात्री जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. "ते अजून आहे?" एवढंच तो म्हणाला आणि मुळ्याचं लोणचं मागितलं. आता तोही नव्हता. तिच्या त्या नावाची ओळख असलेलं कुणीच उरलं नव्हतं.

तरी ते चुकीचं, अर्धवट, नाक मुरडत म्हटलेलं कडवं ऐकायला ती दर गुरुवारी येत असे. स्वतः मात्र तिनं ते कधी म्हटलं नव्हतं. 'रु' आपल्यावर येणार नाही अशाच जागी ती बसायची.

थंडी सुरू झाली तेव्हा तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर तरुण होते, पण बोलायला सरळ. गाठ काढावीच लागेल, आवाजाची शीर तिला चिकटलेली आहे, जीव वाचेल पण आवाजाची खात्री देता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "आवाजावर अवलंबून असं काही काम करता का? गाणं वगैरे?"

"नाही," नोबुए म्हणाली. "मासे साफ करते."

ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी ती लवकर आली आणि कुवाहाता-सानच्या डाव्या हाताला, सेचिकोच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली. सेचिकोनं भुवया उंचावल्या, तेव्हा खिडकीतून वारं लागतं असं तिनं सांगितलं. तिनं मनाशी ठरवलं होतं. तिन्ही कडवी म्हणायची. नंतर त्यांनी विचारलं तर सांगून टाकायचं, नाही विचारलं तरी चालेल. घरी तिनं सराव केला नव्हता. गळा जपला होता.

खेळ रंगला. कुवाहाता-साननी हत्यार काढलं, मन लावून म्हटलं, आणि हसत तिच्याकडे माइक सरकवला. "आज मासा वेगळा लागला गळाला."

नोबुएनं रिमोटवर नाव लिहिलं. पडदा रिकामा राहिला. तिनं पुन्हा लिहिलं, मग गायिकेच्या नावानं शोधलं. असं नाव नाही, असं यंत्र सांगत राहिलं.

ताकिकोबाई काउंटरमागून म्हणाल्या, "अगं, सोमवारीच यंत्र बदललं. यात नवी गाणी ढीगभर आहेत. कुणी लावत नाही ती जुनी मात्र काढून टाकलीत म्हणे."

"आपण लावत होतो की," नोबुए म्हणाली.

"आपण म्हणजे महिन्यातून चारदा. तेवढ्यानं काय होतं?"

"म्हणजे बाद," कुवाहाता-सान म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"यंत्राशिवाय म्हणते मी," नोबुए म्हणाली.

कुवाहाता-साननी रिमोट उचलून बाजूला ठेवला. ती उठून उभी राहिली. माइक घेतला नाही. हात पोटाशी जुळवले, तोक्योत शिकवले होते तसे, आणि सुरुवात केली. पहिली ओळ नीट गेली. दुसरीच्या शेवटाशी ती आली आणि सूर धपकन खाली पडला.

ती थांबली. परत दुसरी ओळ घेतली. पुन्हा तसंच. सेचिकोचंच गाणं तिच्या गळ्यातून येत होतं. खरं वळण कसं होतं ते आठवायला तिनं डोळे मिटले. संगीतकाराचं घर दिसलं, ओली फरशी दिसली, कोळशाची शेगडी दिसली. सूर काही ऐकू आला नाही. इतकी वर्षं गुरुवारामागून गुरुवार तिनं जे ऐकलं होतं, तेवढंच आत उरलं होतं.

"अगं, बरोबर आहे की," सेचिको मायेनं म्हणाली. "अगदी असंच आहे ते. म्हण पुढे."

"पुढचं येत नाही मला," नोबुए म्हणाली आणि खाली बसली.

सेचिकोनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. येईल तरी कसं, पहिल्या कडव्यापुढे ते आजवर म्हटलंय कुणी, असं ती म्हणाली. कुवाहाता-साननी तेवढ्यापुरती सूट दिली, 'रु'ऐवजी दुसरं अक्षर घ्यायला सांगितलं. नोबुएनं मान हलवली. नियमाप्रमाणे आपण बाद, असं तिनंच सांगितलं.

ऑपरेशन ठीक झालं. गाठ साधी निघाली. आवाज गेला, राहिली ती नुसती फुसफुस, जवळ कान नेल्याशिवाय कळू नये अशी. कारखान्यात कुणाला फारसा फरक पडला नाही. तिथं यंत्रांच्या आवाजात तशीही बोलायची सोय नव्हती.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा ती पुन्हा गुरुवारची आली, गळ्याला रुमाल बांधून. सगळ्यांनी तिला उबेतली जागा दिली. 'रु'ला आता काहीच उत्तर नसल्यामुळे ते अक्षर सोडायचं नाही असा नवा नियम झाला होता, आणि कुवाहाता-सान दुसरं हत्यार शोधत होते. सेचिकोचं गाणं लागलं. ताकिकोबाईंनी काउंटरखालून एक जुनी खंजिरी काढली, फडक्यानं पुसली आणि नोबुएच्या हातात दिली.

नोबुएनं ती गुडघ्यावर धरली आणि सेचिकोच्या ठेक्यावर, जराही न चुकता, वाजवायला लागली.