दोन मिलिमीटरचं आयुष्य

मी एक जुनी ब्रेक डिस्क आहे, चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती. एका निळ्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या डाव्या चाकामागे मी तीन वर्षं काढली. मित्रांनो, गाडी किती जोरात पळते हे सगळेच विचारतात. ती थांबते कशी, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म ओतीव लोखंडाचा. लालभडक रस साच्यात ओतला गेला. तो गार झाल्यावर मला लेथ यंत्रावर चढवून गुळगुळीत केलं आणि उष्णता बाहेर पडावी म्हणून अंगावर बारीक भोकं पाडली. शेवटी कडेवर एक आकडा ठोकला, तीस. तेव्हा माझी जाडी बत्तीस मिलिमीटर होती. झिजत झिजत ती तीसवर आली, की मला उतरवायचं, असा त्या आकड्याचा अर्थ. म्हणजे माझं सगळं आयुष्य दोन मिलिमीटरचं! मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझी घडणच झिजण्यासाठी झाली होती.

माझ्या मालकीणबाई दातांच्या डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि महिन्यातला एक रविवार शर्यतीच्या ट्रॅकवर घालवायच्या. त्या दिवशी तिथे शर्यत नसते, बक्षीसही नसतं. आपापली गाडी आणायची आणि मनसोक्त पळवायची. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी एक उजवं वळण होतं. तिथे आमची गाडी ताशी दोनशेच्या वर असायची. डॉक्टरांचा पाय ब्रेकवर पडला, की दोन्ही बाजूंचे ब्रेकचे पॅड मला चिमटीत धरायचे. चार-पाच सेकंदांत दोनशेचे सत्तर! मी निखाऱ्यासारखी लाल व्हायचे. मला छाती नाही, तरी छाती ठोकून सांगते, त्या वळणावर मी एकदाही दगा दिला नाही.

पहिल्याच दिवशी मात्र डॉक्टरांनी एक चूक केली. तापलेली गाडी थेट गॅरेजसमोर आणली आणि ब्रेकवर पाय दाबून तशाच बसून राहिल्या. मिस्त्री पळत आला.

"आधी पाय काढा! डिस्क तापलीय. पॅड चिकटून डाग पडेल तिला."

"मग करू काय?"

"शेवटची फेरी हळू मारायची, ब्रेक फारसा न दाबता. जरा वारा लागू द्या तिला. दाढ काढल्यावर पेशंटला लगेच जेवायला बसवता का तुम्ही?"

डॉक्टर हसल्या, पण त्यांनी ऐकलं. त्यानंतर मला गार व्हायला कायम एक फेरी मिळाली.

लोक जमायचे ते रंग बघायला आणि इंजिनाचा आवाज ऐकायला. फोटोत मी चाकाच्या काड्यांमागे अर्धीमुर्धी दिसायचे. पण दर वेळी चाक काढून माझ्यावरून नख फिरवणारा मिस्त्री होता. मोजमाप करून तो मलाच सांगायचा, "एकतीसला आलात, बाईसाहेब. झकास!" मला तेवढं पुरत होतं.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी डॉक्टरांचे वडील पहिल्यांदा ट्रॅकवर आले. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. लेकीला गाडी त्यांनीच शिकवलेली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते घराबाहेर पडायला कंटाळायचे. सहा महिने मागे लागल्यावर कुठे ते तयार झाले होते. त्यांना शेजारी बसवून तीन फेऱ्या मारायच्या, असं डॉक्टरांच्या मनात होतं.

सकाळच्या फेऱ्या संपल्यावर मिस्त्रीने मला मोजलं आणि त्याचा चेहरा बदलला. "तीसला टेकली. आणि ही चीर बघा, भोकापासून कडेकडे निघालीय. आता गाडी काढायची नाही. नव्या डिस्क दुपारी येतायत."

दुपारचे तीन वाजले तरी त्या आल्या नव्हत्या. मिस्त्री पलीकडे दुसऱ्या गाडीखाली होता. वडील खुर्चीत अवघडून बसले होते. डॉक्टरांनी हेल्मेट उचललं.

"चला बाबा."

"मिस्त्रीला विचारलंस?"

"हो, विचारलं."

ते खोटं नव्हतं. पण उत्तर काय मिळालं, ते त्यांनी सांगितलं नाही.

सरळ रस्ता आला. वळण आलं. पाय ब्रेकवर पडला आणि माझी चीर कडेपर्यंत उकलली. मी दातओठ खाऊन गाडी धरली. गाडी वळली. पण मला बोलता येत नाही, थरथर हीच माझी भाषा. ती स्टिअरिंगपर्यंत पोहोचली. डॉक्टरांच्या हातांना ती कळली, तरी त्यांनी वेग वाढवला.

"पोरी, हे काय थरथरतंय?"

"काही नाही बाबा, टायर असेल."

"टायर असा थरथरत नाही. पुढची डिस्क आहे, डावीकडची. खरं सांग, मिस्त्री काय म्हणाला?"

डॉक्टरांनी वेग थोडा कमी केला. मग हळूच म्हणाल्या, "गाडी काढू नका म्हणाला. पण तुम्ही परत कधी येणार, बाबा?"

वडील चिडले नाहीत. "एकदा ब्रेकचा भरवसा वाटेना म्हणून मी भरलेली बस उतारावर कडेला लावली होती. साठ माणसांनी तासभर शिव्या घातल्या मला. पण सगळी घरी पोहोचली. सोड तो वेग."

डॉक्टरांनी हात बाहेर काढून मागच्यांना इशारा केला आणि गिअर उतरवत, माझ्यावर जेमतेम भार टाकत, गाडी आत आणली.

मिस्त्रीने चाक काढलं. त्याचं नख चिरेत अडकलं. "डॉक्टर, पुढच्या फेरीत हिचे दोन तुकडे झाले असते."

"चुकलं माझं," डॉक्टर म्हणाल्या.

"माझंही," वडील म्हणाले. "मी विचारलं, पण उत्तर ऐकायला थांबलो नाही."

चार वाजता नव्या डिस्क आल्या. त्या बसवल्यावर मिस्त्रीने बजावलं, "आज जोरात नाही हं. कोऱ्या डिस्क आहेत. हळू पळवून, हळू ब्रेक मारून त्यांना वळण लावायचं."

"हळू चालवायची ना?" वडील खुर्चीतून उठले. "मग किल्ली इकडे दे."

डॉक्टरांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. मग त्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. मी हत्यारांच्या पेटीला टेकून पाहत होते. बाकीच्या गाड्या भरधाव पुढे जात होत्या आणि आमची निळी गाडी बससारखी ऐटीत चालली होती. वळणाच्या बरंच आधी तिचे ब्रेकचे दिवे लागले. माझ्या जागेवरची ती नवी पोर पहिल्यांदाच गाडी थांबवत होती, आणि छान थांबवत होती.

आता मी मिस्त्रीच्या भिंतीवर असते. नवीन कुणी गाडी घेऊन आलं, की तो माझ्या चिरेवर बोट ठेवून त्याला दाखवतो. मित्रांनो, तुमच्या सायकलीचा ब्रेक करकरला, घरची गाडी थांबताना थरथरली, तर ते आमचं बोलणं असतं. लगेच मोठ्यांना सांगा. आम्ही झिजतो म्हणून हळहळू नका, ते आमचं कामच आहे. फक्त आम्ही किती झिजलो, तेवढं कुणीतरी बघत राहा.