सोनाजीची हाळी

"हाळी दे की बा, एकदाच," अंगद म्हणाला आणि त्याने फोन बापाच्या तोंडापुढे धरला.

सोनाजीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पडेगावच्या मागच्या माळावर मेंढ्या पांगल्या होत्या. त्याने गळ्यात अडकवलेला गोडेतेलाचा पत्र्याचा डबा पुढे ओढला आणि त्यावर काठी मारली. टक्. टकटक्. जवळच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. लांबच्या चरतच राहिल्या.

"हे काय नवीन?"

"काय नाय. असंच."

सोनाजीची हाळी त्याची एकट्याची होती. 'हुर्र्या ये, ये, येऽऽ' म्हणताना शेवटचा 'ये' उंच जाऊन मध्येच मोडायचा. त्या मोडण्यावर अंगदने गाणं बांधलं होतं. हातात गिटार, दोन कडव्यांच्या मध्ये विनोद आणि धृपदाच्या जागी बापाची हाळी. त्या गाण्याच्या जोरावर त्याने बजाजनगरची नोकरी सोडली. पुणे, नागपूर, इंदूर पाहिलं. कुठेही गेला तरी तो नुसतं 'हुर्र्या' म्हणायचा, उरलेलं सभागृह म्हणायचं.

उद्याचा कार्यक्रम मात्र स्वतःच्या शहरातला होता. त्याचे दौरे ठरवणारा पुंडलिकनगरचा केयूर स्पष्टच बोलला होता. "मेंढीवालं गाणं लोकांना पाठ झालंय. नवीन काहीतरी आण, नाहीतर पुढचा दौरा विसर." सहा महिने अंगदला नवीन काही सुचलं नव्हतं. म्हणून तो फोन घेऊन माळावर आला होता.

घरी राजाबाईने चहा पुढे सरकवला.

"बा हाळी का देत नाय, माय?"

"रस्त्यानं गाड्यावर पोरं जात्यात. ह्यांना पाह्यलं की तुझं गाणं वरडत्यात. एक डाव गाडी थांबवून मोबाईल धरला तोंडावर. 'चाचा, करके दिखाओ ना' म्हने. तवापासून तोंड उघडलं नाय त्यांनी. मेंढरं लई बावरली. दोन मेंढरं ट्रकखाली गेली, मग ह्यो डबा काढला."

"मला का नाय सांगितलं?"

"तुला सांगितलं की त्याचं गाणं व्हतं." राजाबाई हसली नाही. "डब्याचं कुठं बोलू नको, लेकरा. येवढं तरी राहू दे त्यांचं."

अंगदने 'हं' केलं. तिचं बोलणं संपायच्या आतच त्याच्या बोटांनी मांडीवर ठेका धरला होता.

निघताना त्याने बापाला उद्या यायचा आग्रह केला.

"त्ये गाणं म्हननार का?" सोनाजीने विचारलं.

"नाय म्हणणार, बा. शप्पथ."

सोनाजी आला. धुतलेलं धोतर नेसून, नवा पटका बांधून पहिल्या रांगेत राजाबाईशेजारी बसला. अंगदने पहिला अर्धा तास नोकरीचे, लग्नाचे, शहराच्या पाण्याचे विनोद केले. हशा आला, पण उसना. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, मेंढीवाला सुना ना!" सगळं सभागृह तेच मागू लागलं. पडद्याआड केयूर मान हलवत उभा होता.

अंगदने शब्द पाळला. ते गाणं त्याने म्हटलं नाही.

"आपण फोन सायलेंटवर टाकतो," तो म्हणाला. "माझ्या बानं स्वतःलाच टाकलंय. आता नुसतं व्हायब्रेशन." आणि त्याने गिटारच्या लाकडावर बोटं मारली. टक्. टकटक्.

सभागृह हशाने फुटलं.

'बा माझा म्यूटवर, मेंढ्या त्याच्या रूटवर.' रात्रीत रचलेलं गाणं होतं, पण पहिल्या कडव्यातच लोकांनी उचललं. दुसऱ्या कडव्याला खुर्च्यांचे हात वाजू लागले. राजाबाईने पदर तोंडाशी धरला होता. ती हसतेय असं मागच्यांना वाटलं असेल.

"आणि आज बा इथंच बसलाय!" अंगद म्हणाला. प्रकाशझोत पहिल्या रांगेवर आला. एवढे लोक आपल्याकडे पाहताहेत म्हटल्यावर सोनाजी उठला आणि त्याने सगळ्यांना हात जोडले. टाळ्या थांबेचनात.

बाहेर गर्दीत लोक अंगदबरोबर फोटो काढत होते. सोनाजी कडेला उभा राहून वाट पाहत होता. गर्दी सरल्यावर तो जवळ आला.

"त्ये गाणं नाय म्हटलंस," तो म्हणाला. "बरं केलंस."

"बा, ते डब्याचं…"

"रिक्षा थांबलीय. तुझ्या मायला बसवतो."

राजाबाई रिक्षात आधीच बसली होती. तिने अंगदकडे पाहिलं नाही.

सकाळी नाशिकला निघालेल्या गाडीत केयूर पुढच्या सीटवर खुशीत होता. "रात्रीचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय, भावा," म्हणत त्याने डॅशबोर्डवर तोच ठेका वाजवला. ड्रायव्हरनेही स्टिअरिंगवर साथ दिली.

पडेगाव ओलांडताना गाडी थांबली. मेंढ्या रस्त्यावर पसरल्या होत्या. दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजत होते.

"अरे, हाकला ना कोणीतरी," केयूर म्हणाला.

अंगदने काच खाली केली. सोनाजी रस्त्याच्या मधोमध होता. त्याच्या गळ्यात डबा नव्हता. तो एकेका मेंढीपाशी जात होता, वाकून तिची मान दोन्ही हातांत धरत होता आणि तिला कडेला वळवून पुढच्या मेंढीकडे जात होता.