लाल चिंधी

आमच्या साखर कारखान्याचा वजनकाटा गळीत हंगामात एक मिनिटही थांबत नाही. थांबला तर उसाच्या ट्रॉल्यांची रांग तेलगावच्या चौकापर्यंत जाते आणि मुकादम खिडकीशी येऊन माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. काट्यावरची प्रत्येक नोंद मागच्या थंडगार खोलीतल्या तीन सर्व्हरमध्ये एकाच वेळी जाते. तिघांकडे सारखीच माहिती, आणि ते सतत एकमेकांना विचारत, सांगत असतात. दुरुस्ती करायची ती हे सगळं चालू ठेवून. एकाला बाजूला काढायचं, त्याचं काम उरलेल्या दोघांनी उचलायचं, दुरुस्त झालं की परत घ्यायचं आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा.

बाजूला काढलेल्याला चुकून कुणी काम देऊ नये म्हणून मी त्याच्या कडीला लाल चिंधी बांधतो, खंडेनवमीच्या पूजेतल्या कापडाची. अकरा वर्षांचा हा रिवाज आहे. परत आलेल्या मशीनला लगेच काम मिळत नाही. आपण नसताना काय काय घडलं ते त्यानं आधी त्या दोघांकडून समजून घ्यायचं, मगच चिंधी सुटते. आणि जे फारच मागं राहिलं, त्याला कुणी शिकवत बसत नाही. त्यातलं सगळं पुसून दुसऱ्याची नक्कल भरतात.

या कामाची खुबी अशी, की कोण गैरहजर आहे ते बाहेरच्या माणसाला कधी कळतच नाही. लोक वाखाणतात, मला मात्र ती खुबी सलते. माझा स्वभावच जळका, लपवण्यात अर्थ नाही. हाताखाली प्रविण आला तेव्हापासून तर मी रजाच घेतली नव्हती. हुशार, गोड बोलणारा माणूस. एकदा तो घरी जेवायला आला आणि माझी बायको दीपमाला त्याच्या कुठल्याशा बोलण्यावर हसली, ते हसू मी दोन वर्षं विसरलो नव्हतो.

यंदा माघात घाटनांदूरचे मामा गेले आणि मला चार दिवस तिकडं राहावं लागलं. दुसऱ्या सर्व्हरची दुरुस्ती तेवढी राहिली होती. ती मी आल्यावर होईल, तू हात लावू नकोस, असं प्रविणला बजावलं आणि काही अडलं तर फोन कर म्हणालो. चार दिवसांत एकही फोन आला नाही, कारखान्यातून नाही आणि घरूनही नाही. दुखवट्याला बसलेल्या माणसांत मी मामांपेक्षा त्या गप्प फोनचाच जास्त विचार करत होतो.

परतलो तो दुपारी थेट कारखान्यात. काट्यावरचा हनुमान मान वर न करताच म्हणाला, "जेवून आलाव व्हय, त्रिंबकराव?" मला वाटलं, चेष्टा करतोय. आत जाऊन दुरुस्तीची वही उघडली. दुसरा सर्व्हर मंगळवारी बाजूला काढलेला, दीड तासात परत घेतलेला. खाली सही माझी, मी देतो तशा दोन टिंबांची. मी प्रविणला बोलावून वही त्याच्यासमोर धरली.

"सर, तुमीच केलं की," तो म्हणाला. "मी नुसता बाजूला हुबा व्हतो. यंदा लई सबुरीनं समजावून सांगितलं तुमी."

सबुरीनं. मी त्याला आजवर काही सबुरीनं सांगितलं नव्हतं. सगळं शिकला तर माझी गरज काय उरणार, म्हणून अर्धं हातचं राखूनच ठेवलं होतं. यानं माझी सही गिरवली, आणि सही गिरवणारा माणूस माझ्या घरापर्यंतही गेला असणार, अशी माझी खात्रीच झाली. पुन्हा माझ्यामागं कुणी काही करू नये म्हणून खुंटीवरची चिंधी खिशात कोंबली आणि घराकडं निघालो.

कारखान्याच्या वसाहतीतलं आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा, आणि मधलं दार दोन वर्षं करकरत होतं. दीपमाला आतून आली तेव्हा ते वाजलं नाही. ती काहीतरी गुणगुणत होती. कोण आलं होतं, मी विचारलं. प्रविण आला होता का, हेही विचारलं, विचारू नये अशा आवाजात. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"कुणी न्हाई आलं," ती म्हणाली. "तुमीच व्हता की घरी."

मग तिनं सांगितलं. म्हणे, मी दाराला तेल घातलं, आमच्या सायलीचा गणिताचा अभ्यास घेतला, आणि जेवणानंतर बसून मशीनच्या गोष्टी सांगितल्या, चालत्या कामातून एकाला कसं अलगद बाजूला काढतात त्या. अकरा वर्षांत तिनं माझं काम कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. सांगताना ती हसली, त्या दिवशीसारखंच. इतका वेळ मी प्रविणवर जळत होतो. आता ज्याच्यावर जळत होतो त्याचं नाव माझंच होतं, आणि त्याला मी कुठं जाऊन धरणार होतो?

घाटनांदूरचे चारही दिवस मी तिला तासतासाचे सांगितले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तेवढ्यात सायली आतल्या दारात येऊन थबकली.

"काल हिला काय कबूल केलं तुमी?" दीपमालानं विचारलं.

मला सांगता येईना. सायलीनं आईकडं पाहिलं आणि ती हळूच मागं सरकली.

"आन मंगळवारी मी रडले, ते कशापायी?"

तेही मला ठाऊक नव्हतं. ती रडल्याचंच ठाऊक नव्हतं.

दीपमाला जवळ आली. खिशातून डोकावणारी चिंधी तिनं ओढून घेतली आणि माझ्या मनगटाला बांधली, दुखणार नाही अशा बेतानं. बाहेरच्या दाराजवळच्या खुर्चीवर मला बसवलं.

"बसा जरा," ती म्हणाली. "लई मागं राहिलात तुमी."

मग तिनं चहा गाळला. आमच्या घरात माणसं तीनच. ताटात तीन कप घेऊन ती आत गेली आणि पायानं दार लोटलं. दार करकरलं नाही.